मशेरी, हिरड्या आणि जस्ताची गोळी

‘डॉक्टरीणबाई, मशेरी सुटत नाही, निदान झिंकची गोळी तरी लिहून द्या. त्यानं म्हणे विष उतरतं.’ आमच्या तालुक्याच्या गावात दातांच्या खुर्चीवर बसलेल्या मावश्यांकडून हे हल्ली बरेचदा ऐकते. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

तंबाखूचं झाड मातीतला कॅडमियम नावाचा विषारी धातू पानांत साठवतं, थोडं शिसंही. मशेरीसाठी हे पान तव्यावर काळं होईतो भाजलं तरी हे धातू जात नाहीत. बोटानं हिरडीवर चोळलं की लाळेत उतरतात. कॅडमियम हा जस्ताचा, म्हणजे झिंकचा, रासायनिक भाऊबंद, त्यामुळे पेशीत तो जस्ताच्याच वाटेनं शिरतो. अंगात जस्त पुरेसं असलं की त्याला वाट कमी मिळते. शिवाय जस्तामुळे पेशी मेटॅलोथायोनीन नावाचं प्रथिन जास्त बनवतात, ते कॅडमियमला धरून ठेवतं. हे प्रथिन 1957 साली घोड्याच्या मूत्रपिंडात सापडलं. उंदरांवरच्या प्रयोगांत जस्त दिल्यावर कॅडमियमची इजा कमी झालेली दिसते. पण मशेरीतल्या नायट्रोसमाइन्स नावाच्या तंबाखूतल्या विषारी रसायनांमुळे कॅन्सर होतो, त्यावर जस्ताची गोळी हा उतारा नाही.

म्हणून पहिलं काम मशेरीचा डबा घराबाहेर काढणं. सकाळची तलफ आवरत नसेल तर 1800-112-356 या सरकारी क्रमांकावर फोन करा, पैसे लागत नाहीत.

मग अंगात शिसं साठलंय का हे बघायला उजेडात आरशासमोर ओठ खाली ओढा. दाताला लागून हिरडीच्या कडेवर निळसर-काळ्या ठिपक्यांची बारीक रेघ दिसते का? ओल्या कापसानं पुसा. निघालं तर मशेरीचा डाग. दातावरच घट्ट बसलेलं असेल तर कीटण. हिरडीच्या आतून दिसत असेल आणि पुसून जात नसेल तर शिशाची शंका घ्यायची. शिसं रक्तातून हिरडीत येतं, दातांवरच्या किटणातले जंतू गंधक सोडतात आणि दोन्ही मिळून तिथं लेड सल्फाइड बसतं. दात स्वच्छ असणाऱ्याला किंवा दातच नसणाऱ्याला ही रेघ बहुधा उमटत नाही, त्यामुळे रेघ नाही म्हणजे शिसं नाही असं समजू नका. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या हिरड्यांवर रुंद तपकिरी पट्टे नैसर्गिकच असतात, त्यांना घाबरायचं कारण नाही. जुन्या चांदीच्या फिलिंगशेजारचा राखाडी डागही वेगळा. घरात कुणी जुन्या बॅटऱ्या फोडायचं, वितळवायचं काम करत असेल किंवा कुणी औषधी भस्माच्या पुड्या घेत असेल, तर रेघेची वाट न पाहता रक्तातलं शिसं तपासा. 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त आलं की ते कुठून येतंय हे शोधावंच लागतं.

जस्त ताटातूनच घ्या. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 13 ते 17 मिलिग्रॅम लागतं. बाजरीत, हरभऱ्यात, मटकीत ते असतं, पण धान्या-कडधान्यांतलंच फायटेट नावाचं द्रव्य त्याला अडवून धरतं. मटकी रात्री भिजवून मोड आणा, पीठ आंबवून आंबील करा, फायटेट कमी होतं. तिळाची चटणी भाकरीवर सढळ हातानं घ्या. मटण खाणाऱ्यांना फार विचार करायची गरज नाही. कोकणातल्या माहेरवाशिणी मला कालवांचं विचारतात. त्यांत जस्त भरपूर, हे खरं, पण कालवं पाण्यातलं कॅडमियमही तितक्याच आवडीनं गोळा करतात. कारखान्याच्या नाल्याजवळच्या कालवांना तर मी स्वतः हात लावणार नाही.

गोळी डॉक्टरांनी कमतरता ठरवली तरच. रक्तातलं जस्त सकाळी उपाशीपोटी तपासावं, आणि ताप किंवा जंतुसंसर्ग असताना तपासू नये, कारण तेव्हा ते उगाच कमी दिसतं. लोहाची गोळी आणि जस्ताची गोळी एका घोटात घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. टेट्रासायक्लिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तरी दोन्हींत अंतर ठेवा, किती ते डॉक्टरांना विचारा. अन्न आणि गोळी मिळून 40 मिलिग्रॅमच्या वर बरेच दिवस गेलात तर अंगातलं तांबं कमी पडतं, रक्त कमी होतं, पायांना मुंग्या येतात. कवळी चिकटवायच्या काही मलमांतही जस्त असतं. आजी दिवसभर ते फासत असतील तर ट्यूबवरचा बारीक मजकूर वाचून बघा आणि कवळी ढिली झाली असेल तर ती आमच्याकडून बसवून घ्या.