इटालियन शब्द तोडताना आणि आघात देताना या चुका टाळा

इटालियन लिहिल्याप्रमाणे वाचतात हे खरं, पण आघात (जोर) कुठे द्यायचा हे बहुतेक शब्दांत लिहिलेलंच नसतं. आघाताची खूण सक्तीची असते ती एकाहून जास्त उच्चारी तुकड्यांच्या शब्दात शेवटच्या स्वरावर आघात असेल तेव्हा, उदाहरणार्थ काफ्फे, पेर्के. बाकी ठिकाणी आघात शब्दकोशात पाहून शब्दासोबतच पाठ करावा.

आघात बहुधा उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, तुकड्यावर असतो: मि-ला-नो. तो तुकडा व्यंजनाने संपत असेल तर जवळजवळ नक्कीच: पा-लेर्-मो, मो-मेन्-तो. पण तारान्तो (शहर) आणि मान्दोर्ला (बदाम) इथेही दगा देतात. त्यांचा आघात पहिल्या तुकड्यावर, नापोली, जेनोव्हा, पादोव्हा, रिमिनी यांच्यासारखाच.

सगळ्यात जास्त चुका क्रियापदांत होतात. पार्ला म्हणजे 'तो बोलतो'. 'ते बोलतात' म्हणताना उपान्त्याचा नियम लावून पार्लानोतल्या 'ला'वर जोर दिला जातो, तो चुकीचा. वर्तमानकाळात 'तो'च्या रूपाचा आघात 'ते'च्या रूपातही हलत नाही, म्हणून जोर 'पार्'वरच. ते-ले-फो-ना-नो (ते फोन करतात) यात तो 'ले'वर, म्हणजे शेवटून चौथ्या तुकड्यावर जातो.

तोडताना द्वित्त व्यंजन मधोमध फुटतं: नोत्-ते, आक्-क्वा. 'एस'नंतर दुसरं व्यंजन आलं तर दोन्ही पुढे जातात: पा-स्ता, फि-ने-स्त्रा. आपण सवयीने पास्-ता तोडतो. ओळीच्या शेवटी तसं लिहिणं चूकच, पण बोलताना कान बरोबर सांगतो, कारण पास्तातला 'आ' आखूडच असतो. आघात असलेला उपान्त्य तुकडा स्वराने संपला की तो स्वर लांबतो. का-सा (घर) यात 'आ' लांब, कास्-सा (पैसे भरायची खिडकी) यात आखूड. 'पक्का', 'कच्चा' म्हणणाऱ्याला द्वित्त जड जात नाही. चुकते ती स्वराची लांबी, कारण देवनागरीत दोन्ही 'आ' सारखेच दिसतात.

शेजारी आलेले दोन स्वर तोडण्याआधी आघात पाहा. पा-ऊ-रा (भीती) यात तो 'ऊ'वर, म्हणून तीन तुकडे. पाउ-झा (विराम) यात 'आ'वर, म्हणून दोनच. फार्-मा-ची-आ आणि ई-ता-ल्या यांतही हाच फरक. शंका असेल तर ओळीच्या शेवटी दोन स्वरांमध्ये तोडूच नका.

खुणेची दिशाही सांभाळा. पेर्केवरची खूण उजवीकडे चढते, काफ्फेवरची उतरते. क्वी, क्वा (इथे) यांवर खूण नसते; ली, ला (तिथे) यांवर असते, कारण त्याच अक्षरांचे, पण वेगळ्या अर्थाचे शब्द बिनखुणेने लिहितात.