पट्टी पुसट का येत होती?

मानवी एलडीएचए (लॅक्टेट डिहायड्रोजिनेज ए) या एन्झाइमला नेमकं चिकटणारी अँटिबॉडी मी वापरत होते. पहिल्या दोन वेस्टर्न ब्लॉटना (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून पडद्यावर उतरवायची आणि अँटिबॉडीने हवं ते ओळखायचं, अशी चाचणी) ३७ किलोडाल्टनपाशी, म्हणजे एलडीएचएच्या वजनापाशी, ठसठशीत पट्टी आली. नंतर दर खेपेला ती पुसट होत गेली आणि पार्श्वभूमी काळवंडत गेली. मी आधी प्रथिनाच्या नमुन्यावर संशय घेतला, मग ट्रान्सफरवर, म्हणजे प्रथिनं जेलमधून पडद्यावर उतरवण्याच्या पायरीवर. त्यात दोन आठवडे गेले.

दोष अँटिबॉडीच्या साठवणुकीचा निघाला; पुन्हा पुन्हा गोठून-वितळून ती खराब होत होती. कुपीत ग्लिसरॉल (गोठू न देणारा दाट द्रव) नव्हतं, त्यामुळे उणे २० अंशांवर द्रव गोठायचा आणि दर वेळी अख्खी कुपी वितळायची. शिवाय फ्रीझर आपोआप बर्फ वितळवणारा. त्यातलं तापमान सारखं वरखाली होतं.

नवी कुपी आली तशी उघडण्याआधी क्षणभर सेंट्रिफ्यूज केली, कारण झाकणाला थेंब चिकटलेले असतात. मग १०-१० मायक्रोलिटरचे भाग केले. त्याहून लहान भाग करू नयेत, नळीच्या भिंतीला चिकटून बरंच वाया जातं. वितळलेली नळी ४ अंशांवर ठेवते, पुन्हा गोठवत नाही. ५०% ग्लिसरॉल असेल तर ही खटपट नको; ते उणे २० ला गोठतच नाही.

आणखी एक: सगळीकडे सारखंच प्रथिन भरलंय ना, हे पाहायला तुलनेसाठी नेहमी घेतलं जाणारं जीएपीडीएच हे प्रथिनही ३७ किलोडाल्टनच्याच आसपास येतं. त्याच पडद्यावर तुलनेसाठी ते घेऊ नका; मी व्हिन्क्युलिन हे बरंच जड प्रथिन घेते. एलडीएचएची पट्टी पुन्हा पहिल्यासारखी ठसठशीत येते आहे.