परदेशातला वसंत गाठायचाय? आधी तारीख ठरवा, मग देश

परदेशात फिरायला जायचं म्हटलं की घरात पहिला प्रश्न निघतो तो 'कुठं?' हा. मराठवाड्यातल्या घरांनी सुरुवात 'कधी?'पासून करावी, असं मला मनापासून वाटतं. फेब्रुवारी ते जून या काळात आपल्याकडे सुगी, परीक्षा, लग्नसराई आणि पाणीटंचाई एकामागून एक येत असतात. त्यातून जे आठ-दहा दिवस मोकळे निघतील, त्या दिवसांत वसंत जिथं असेल तो आपला देश.

पहिलं काम: घरचं कॅलेंडर

भिंतीवरचं कॅलेंडर खाली घ्या आणि न हलणाऱ्या तारखांवर खुणा करा. शेती असेल तर ज्वारी-हरभऱ्याची रास होईपर्यंत कोणी हलणार नाही. पाडव्याला सालगड्याचं साल ठरतं, त्या दिवशी घरचा कर्ता गावात लागतोच. केशर आंब्याची बाग असेल तर एप्रिल-मे विसरा. घरात बारावीचं मूल असेल तर 'नीट' ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा साधारण मेच्या पहिल्या रविवारी असते. लातूरकरांना हे वेगळं सांगायला नको. मग जवळच्या लग्नतिथी टाका. शेवटची रेघ मृगाची, म्हणजे 7-8 जूनची. त्याआधी बी-बियाणं घरात यायला हवं, म्हणून शेतकरी कुटुंबानं मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत परतलेलं बरं.

बहुतेक घरांत यातून दोनच फटी उरतात: मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला पंधरवडा, नाहीतर मेचा मधला भाग. शाळकरी मुलं असली तर दुसरीच.

आता वसंत कुठं आहे ते बघा

वसंत एका जागी थांबत नाही. उत्तर गोलार्धात तो दक्षिणेकडून उत्तरेला आणि खोऱ्यातून डोंगरावर चढत जातो. हे एकदा ध्यानात आलं की निवड फार सोपी होते.

जपानचंच घ्या. टोकियो-क्योतोत चेरी मार्चअखेरीस ते एप्रिलच्या सुरुवातीला फुलते आणि बहर जेमतेम आठवडाभर टिकतो. मेमध्ये तिथं गेलात तर हिरवी झाडं दिसतील, फुलं नाहीत. पण हाच बहर पुढं सरकत एप्रिलअखेरीस उत्तरेच्या हिरोसाकीला पोचतो. तिथल्या किल्ल्याच्या खंदकात पाकळ्यांचा इतका थर साचतो की पाणी दिसत नाही. त्याहून वर होक्काइदो बेटावर हाकोदातेचा गोर्योकाकू किल्ला आहे, चांदणीच्या आकाराचा. तिथं एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला फुलं असतात. देवगिरी आणि नळदुर्ग पाहिलेल्या माणसानं हा किल्ला शेजारच्या मनोऱ्यावर चढून जरूर बघावा.

ट्युलिपसाठी नेदरलँड्सचं कोकेनहॉफ उद्यान साधारण मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडं असतं आणि एप्रिलचा मध्य सगळ्यात भरवशाचा. उशिरा गेलात तर बाहेरची शेतं बोडकी दिसतात, कारण जमिनीतला कांदा, म्हणजे ट्युलिपचा कंद, पोसावा म्हणून शेतकरी फुलांची मुंडकी छाटून टाकतात. त्यांचं खरं पीक फूल नव्हे, कांदा आहे.

मेच मोकळा असेल तर माझा कौल स्वित्झर्लंडच्या खोऱ्यांना. बर्फ वितळत असतो, लाउटरब्रुनेनचे धबधबे भरून कोसळतात, कुरणं फुललेली असतात. मात्र फुर्कासारखे उंच घाट बर्फामुळं तेव्हा बंद असू शकतात. गाडी भाड्यानं घेणाऱ्यांनी आधी खात्री करावी.

खर्च आवरायचा असेल तर नेपाळ. मार्च-एप्रिलमध्ये घोरेपानी-पूनहिलच्या वाटेवर लालीगुरांसची (ऱ्होडोडेंड्रॉनची) जंगलं लाल होतात. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. भूतानलाही तेच, पण तिथं भारतीय पर्यटकाला रोज रात्रीचे 1,200 रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये आपल्या उन्हाळ्यात शरद ऋतू असतो. तिथला वसंत सप्टेंबर ते नोव्हेंबर.

त्यांच्या सुट्ट्या

जपानचा गोल्डन वीक 29 एप्रिल ते 5 मेच्या आसपास येतो. गाड्या आणि हॉटेलं तुडुंब भरतात. हाकोदातेचा बहर नेमका त्यातच सापडतो, म्हणून तिथली खोली सगळ्यांत आधी धरा. युरोपात ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांमध्ये कधीही येतो, त्या वर्षीची तारीख बघून घ्या.

विमान कुठून?

नांदेड, लातूर, धाराशिवकरांनी मुंबईच धरून बसू नये. नांदेडहून हैदराबाद पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, मुंबई त्याच्या दुपटीहून लांब. छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याच्या लोकांना मुंबई सोयीची. भाड्यांची तुलना करताना घरापासून विमानतळापर्यंतचा खर्च दोन्हीकडे मिळवा, मगच स्वस्त-महाग ठरवा. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी खुलं होतं आणि मेमध्ये देवगिरी एक्स्प्रेसची वेटिंग लिस्ट लवकर वाढते.

कागदपत्रं उलट मोजत या

पासपोर्टची मुदत परतीनंतर किमान सहा महिने उरलेली असावी. युरोपच्या शेंगेन व्हिसाचा (एकाच व्हिसावर युरोपातले बरेच देश) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निदान 15 दिवस आधी तो गेलाच पाहिजे, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो. मेच्या सहलीसाठी फेब्रुवारीत कामाला लागा. सोबत 30,000 युरोचं वैद्यकीय विमा संरक्षण लागतं.

शेतकऱ्यांनी एक गोष्ट खास जपावी. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यामुळं आयकर विवरणात कमाई कमी दिसते. म्हणून सातबारा, आडतीच्या पट्ट्या आणि बँकेचं स्टेटमेंट यांचा मेळ बसेल असं लावा, मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडा आणि सगळं समजावणारं एक पत्र द्या. अर्जाच्या आधल्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम भरली, तर तिचा स्रोत विचारला जाऊ शकतो. सोयाबीन-कापसाचे पैसे आले असतील तर त्याची पट्टी जवळ ठेवा. आधार, पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला यांवर नावं एकसारखी आहेत ना, हे सगळ्यांत आधी तपासा.

व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका. परतीची तारीख आणि घरच्या पुढच्या कार्यात दोन दिवस मोकळे राहू द्या. मुंबईला उतरून नांदेडला पोचायलाच रात्र जाते.