तमाशाची रात्र तैलरंगात

फडातल्या रात्रीचं चित्र बहुतेक वेळा अंधारातच बिघडतं. लोक नाचणारीवर आठवडा घालवतात आणि मागे ट्यूबमधला काळा सपाट फासून मोकळे होतात. नुसत्या आयव्हरी ब्लॅकने (ट्यूबमधल्या तयार काळ्याने) कॅनव्हासला भोक पडल्यासारखं दिसतं. शिवाय तो फार सावकाश वाळतो आणि त्यावर लवकर वाळणारा रंग चढवला की तडे जातात. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळून काळा बनवा. अंबर वाढवला की कनातीची ऊब येते, निळा वाढवला की बाहेरची रात्र.

कॅनव्हास १८ × २४ इंची, प्राइम केलेला (अस्तर दिलेला). हेच मिश्रण टर्पेंटाइनने पातळ करून चिंधीने सगळीकडे घासा. ओलं असतानाच, टर्पेंटाइनमध्ये बुडवून पिळलेल्या चिंधीने उजेड पुसून काढा: चेहरा, खांदा, नऊवारीचा काठ, फळ्यांवरचा पट्टा. नाकडोळे आत्ता नकोत. डोळे किलकिले करून लांबून पाहिलं की कमरेची लचक कळली पाहिजे. नाही कळली तर परत फासा, परत पुसा. इथे काही खर्च होत नाही.

हा थर वाळला की दुसरा: दोन भाग टर्पेंटाइन, एक भाग जवसाचं तेल. वरच्या थरात तेल नेहमी खालच्यापेक्षा जास्त, उलट केलं की भेगा. निऱ्यांचे फटकारे गिरकीच्या दिशेनेच मारा. प्रेक्षकांचे फेटे नुसत्या कडेच्या उजेडाने सुचवा.

उजेड मात्र जाड, पॅलेट नाइफने (रंगाच्या बोथट सुरीने): टायटॅनियम व्हाइट, त्यात कॅडमियम यलोचा कण. या पांढऱ्याची सुरी आणि ब्रश वेगळे ठेवा, कारण पांढरा सावलीत शिरला की अंधार खडूसारखा होतो. घुंगरांसाठी घोट्यापाशी तीन-चार ठिपके पुरेत. फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेकने पॅरिसच्या नाचघराच्या ‘मूलाँ रूजमध्ये’ (सुमारे १८९२–९५) या चित्रात उजव्या कडेच्या बाईचा चेहरा खालच्या दिव्याने चक्क हिरवा केला आहे. हॅलोजनखालच्या गालावर तेवढी धिटाई चालते. ठळक कड एकच ठेवा, उजेड सगळ्यात जास्त पडतो तिथे. बाकीच्या कडा कोरड्या ब्रशने मोडा.

वाळल्यावर काळोखाचे काही भाग तेल शोषून फिके, मळकट दिसतात. तिथे रंग वाढवू नका. जवसाच्या तेलाचा अगदी पुसट हात फिरवून जास्तीचं पुसून घ्या. व्हार्निश सहा महिन्यांनंतर, जाड थर असतील तर वर्षाने. आणि तेलाच्या चिंध्या गोळा करून टोपलीत कोंबू नका. त्या आपोआप पेटतात. दोरीवर सुट्या वाळत घाला.