कॉन्ट्राबसूनचा कॉन्चेर्टो ऐकताय? या चुका टाळा

फिनलंडचे संगीतकार कालेवी आहो यांनी २००४-०५ मध्ये कॉन्ट्राबसून या अतिखर्जातल्या फुंकवाद्यासाठी कॉन्चेर्टो (एक मुख्य वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) लिहिला. एरवी वाद्यवृंदात मागे बसून डबल बास या खर्जातल्या तंतुवाद्याला साथ देणारं हे वाद्य इथे चक्क मुख्य वाद्य आहे. कॉन्ट्राबसूनवादक लुइस लिपनिक यांनी बर्गन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाबरोबर केलेलं त्याचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. तरी "नुसती घरघर ऐकू येते" म्हणून बरेच जण ते अर्ध्यावर सोडतात. दोष बहुधा ऐकण्याच्या पद्धतीत असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मोबाइलच्या स्पीकरवर ऐकणं. या वाद्याची नळी साधारण साडेपाच मीटरची, दुमडून बसवलेली, आणि तिचा तळाचा स्वर सेकंदाला जेमतेम २९ कंपनांचा. इतक्या खाली दुहेरी रीडची (तोंडात धरायच्या दोन पातळ पट्ट्यांची) प्रत्येक फडफड जवळजवळ सुटी ऐकू येते. खरी मजा तीच! मोबाइलचा स्पीकर दोनशे हर्ट्झच्या खाली फारसं काही ऐकवतच नाही. वरच्या उपस्वरांवरून मेंदू मूळ सूर ताडतो, त्यामुळे चाल कळते, पण खर्जाचं वजन जातं. कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्या. इअरफोनच असतील तर रबर कानात नीट बसलंय ना ते बघा. फट राहिली की आधी खर्ज पळतो.

उपाय म्हणून बास वाढवू नका. त्यानं डबल बास आणि मोठे ढोलही फुगतात, आणि ज्याला ऐकायचं तोच त्यात बुडतो. इक्वलायझर सरळ बंद ठेवा.

हे गमतीचं वाद्य आहे, असं धरून बसू नका. फ्रेंच संगीतकार द्युकाच्या 'द सॉर्सरर्स ॲप्रेंटिस' या जादूगाराच्या शिष्यावरच्या १८९७ च्या रचनेत जादूचा तुटलेला झाडू याच वाद्यावर पुन्हा हलू लागतो आणि फ्रेंच संगीतकार राव्हेलनं परीकथेतल्या श्वापदाला याचाच आवाज दिला. ती चित्रं कानात पक्की बसलेली असतात. इथे ती बाजूला ठेवावी लागतात.

आणखी एक. हे वाद्य तीन सप्तकांच्या आसपास फिरतं. ते वर चढलं की 'बसून' हे त्याचं धाकटं भावंड वाजतंय असं वाटून अनेकांचा माग सुटतो. तसं झालं तर राव्हेलच्या फक्त डाव्या हातानं वाजवायच्या पियानो कॉन्चेर्टोची सुरुवात ऐका. तिथे चेलो-बासच्या गुणगुणीतून कॉन्ट्राबसून एकटा वर येतो. तो आवाज ओळखू आला की आहोंकडे परत जा.