सावली मोजायच्या तासाची तयारी (ओळंबा, ओळंबा आणि ओळंबा)

आठवी-नववीला स्थानिक वेळ किंवा अक्षांश-रेखांश शिकवताना मैदानात काठी उभी करून सावली मोजायचा उपक्रम घेणार असाल, तर आधी ओळंब्याची (काठी सरळ उभी आहे का ते दाखवणाऱ्या, वजन बांधलेल्या दोरीची) सोय करा. गेल्या डिसेंबरात माझ्याकडे सगळं होतं, फक्त ओळंबा नव्हता. मुलांनी गणित अगदी प्रामाणिकपणे केलं आणि पुण्यातली आमची शाळा कोल्हापूरच्या अक्षवृत्तावर निघाली.

तारीख निवडताना शून्य सावली दिवसाच्या (भर दुपारी उभ्या काठीची सावलीच पडत नाही, त्या दिवसाच्या) मोहात पडू नका. पुण्यात तो मेच्या मध्यात येतो तेव्हा शाळेला सुट्टी, आणि जुलैअखेर पुन्हा येतो तेव्हा आभाळ भरलेलं. दिवस-रात्र समान असतात त्या २२ सप्टेंबरलाही पावसाचा भरवसा नाही. डिसेंबरचा तिसरा-चौथा आठवडा सगळ्यांत सोयीचा. आकाश स्वच्छ असतं, सूर्य जवळजवळ मकरवृत्तावरच असतो आणि आठवडाभर इकडेतिकडे झालं तरी फरक पाव अंशाच्या आत राहतो. मार्चमध्ये मात्र एक दिवस चुकला की जवळजवळ ०.४ अंश गेले. एकच अडचण: याच दिवसांत स्नेहसंमेलन असतं. मंडपाचे बांबू मैदानात कधी येणार ते क्रीडाशिक्षकांना नाही, मंडपवाल्याला विचारा.

मुख्याध्यापकांची परवानगी, टोप्या, पाणी, सूर्याकडे थेट न बघण्याची ताकीद, हे तुम्हाला माहीत आहे.

काठी सरळ हवी. बांबू नको, तो वाकडाच असतो. वायरिंगची पीव्हीसी नळी चांगली. जमिनीच्या वर बरोबर एक मीटर राहील अशी रोवा आणि उंची रोवल्यानंतर मोजा. ध्वजस्तंभ वापरू या, असं कोणीतरी सुचवेलच. नको. त्याची उंची कोणालाच नक्की माहीत नसते आणि दोरीची सावली टोकावर पडते. काठीच्या वरच्या टोकाला बारीक भोक पाडलेली पुठ्ठ्याची चकती लावा. सूर्य म्हणजे बिंदू नव्हे, त्यामुळे नुसत्या काठीच्या सावलीचं टोक दीडेक सेंटिमीटर धूसर असतं आणि मुलं त्यावरून भांडतात. चकतीमुळे उजेडाचा ठिपका मिळतो, त्याच्या मधोमध खूण करायची. उंचीही मग त्या भोकापर्यंतच धरायची.

आता ओळंबा. गवंड्याकडून मागून आणा, हार्डवेअरच्या दुकानातून घ्या, नाहीतर दोऱ्याला जाडसा नट बांधा, पण आणा. ‘डोळ्यांना सरळ दिसतेय की’ हे वाक्य त्या दिवशी मीही म्हणालो होतो. एक मीटरच्या काठीचं टोक पाच सेंटिमीटर कललं तर डोळ्यांना कळत नाही. पुण्यात २२ डिसेंबरला माध्यान्हीची सावली ९० सेंटिमीटर पडायला हवी. टोक दक्षिणेला पाच सेंटिमीटर झुकलं की ती ८५ होते आणि तुम्ही कोल्हापुरात. उत्तरेला तेवढंच झुकलं की ९५ होते आणि तुम्ही नाशकात. एका सेंटिमीटरला सुमारे ३५ किलोमीटर, असा हा हिशेब आहे. शिवाय ओळंबा एकाच बाजूने लावून भागत नाही. आधी उत्तरेकडून बघा, मग काटकोनात वळून पूर्वेकडून बघा. पूर्व-पश्चिम कललेली काठी अक्षांश फारसा बिघडवत नाही, पण वेळ बिघडवते, म्हणजे रेखांश गेला.

जमिनीचंही तेच. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून मैदानाला उतार दिलेला असतो. लेव्हल बॉटल ठेवून बघा, किंवा सरळ प्रार्थनेच्या सिमेंटच्या ओट्यावर वाळूच्या बादलीत काठी उभी करा (उंची मात्र ओट्यापासून मोजायची, वाळूपासून नाही). ओटा सपाट निघाला तरी ओळंबा लावायचाच.

घड्याळ मोबाईलचं. शाळेच्या घंटेचं घड्याळ तीन मिनिटं पुढे असलं तर तिथेच रेखांश पाऊण अंशाने चुकला.

गट पाच-सहा जणांचे करा: खूण करणारा, वेळ सांगणारा, नोंद करणारा, आणि एकाला फक्त ओळंबा द्या. त्याला दुसरं काहीही काम देऊ नका. दर खुणेआधी त्याने दोन्ही बाजूंनी बघून ‘सरळ’ म्हणायचं, मगच खडू टेकवायचा. वर्गात सर्वांत चळवळ्या जो असेल त्याला हे काम द्या, मस्त करतो.

बाहेर पडण्याआधी वर्गातच प्रत्येकाला वहीत लिहायला लावा: सावली सगळ्यांत आखूड किती वाजता होईल? जवळजवळ सगळे बारा लिहितात. लिहू द्या. उत्तर सांगून टाकलंत तर उपक्रमात राहतंच काय? पुण्याचा अक्षांशही फळ्यावरून आणि भिंतीवरच्या नकाशावरून झाका, कारण उत्तर माहीत असलं की मुलं मोजमाप त्याच्या जवळ नेऊन ठेवतात. आपणही ठेवतो.

माध्यान्ह नेमकी पकडायला ‘सर्वांत आखूड सावली’ बघत बसू नका. १२:२३ ते १२:४३ या वीस मिनिटांत लांबी जेमतेम दोन मिलिमीटर बदलते, डोळे फुटतील. त्यापेक्षा शुल्बसूत्रांतली (यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथांतली) शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, पद्धत घ्या. ११:२० च्या सुमारास सावलीच्या टोकाशी खूण करा, काठीच्या बुडाशी दोरी धरून त्या खुणेतून वर्तुळ काढा आणि दुपारी टोक पुन्हा वर्तुळाला कधी टेकतं ते बघा. १:४६ ला टेकलं तर दोन्ही वेळांचा मध्य १२:३३, हीच माध्यान्ह. दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम. अडचण अशी की १:४६ म्हणजे आमच्याकडे मधली सुट्टी. अख्खी शाळा मैदानात, चेंडू, धक्के. काठीभोवती चार बाकं लावा, दोन मुलं पहाऱ्याला बसवा, त्यांचे डबे तिथेच. आणि सुट्टीत कोणी हात लावलेला असो वा नसो, शेवटच्या खुणेआधी ओळंबा पुन्हा. पुढचा तास ज्यांचा आहे त्या बाईंशी आदल्या दिवशीच बोला.

बारा नव्हे, १२:३३ निघाले की मुलं घड्याळावर संशय घेतात. तिथेच धडा शिकवून होतो. प्रमाणवेळ ८२°३०′ पूर्व रेखावृत्ताची, आपण त्याच्या पश्चिमेला, अंशाला चार मिनिटं. २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्याच्या चालीची दुरुस्ती (सूर्य घड्याळाच्या थोडा पुढे-मागे असतो, त्यासाठीची) मिनिट-दोन मिनिटांचीच असते, म्हणून ती सोडली तरी ३३ मिनिटांचे सव्वाआठ अंश ८२.५ मधून वजा करून रेखांश ७४.२५ येतो, म्हणजे चूक अर्ध्या अंशाच्या आत. फेब्रुवारीत हाच प्रयोग केलात तर चौदा मिनिटांचा घोळ निस्तरावा लागेल. मुंबईचं जुनं ‘बॉम्बे टाइम’ भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होतं, तेही इथेच सांगून टाका, मुलांना आवडतं.

अक्षांशासाठी टॅन्जंट नको. वहीत १० सेंमी उभी रेघ, ९ सेंमी आडवी, वरचा कोन कोनमापकाने मोजा. ४२ येतो. त्यातून २३.५ वजा केले की १८.५. वजा का, तर सूर्य मकरवृत्तावर आहे आणि हा कोन म्हणजे आपलं मकरवृत्तापासूनचं अंतर.

खुणांचे फोटो काढून घ्या, मग ओटा धुवा.

दुसऱ्या शाळेशी जोडी लावून पृथ्वीचा परीघ काढायचा असेल तर पुणे-नाशिक नको. फरक दीडच अंश, एका सेंटिमीटरच्या चुकीत परीघ पाचव्या हिश्श्याने हलतो. धुळे-कोल्हापूर चांगली जोडी: रेखांश जवळजवळ सारखे, अक्षांशात ४.२ अंशांचं अंतर, सावल्या साधारण ९८ आणि ८४. अंतर नकाशावर पट्टीने मोजा, एसटीचे किलोमीटर चालत नाहीत. ओळंब्याचं तिकडच्या सरांना फोनवर सांगा, मेसेज कोणी वाचत नाही. एकीकडे ढग आले तर दोघांनीही दुसऱ्या दिवशी घ्या, त्या आठवड्यात एका दिवसाने काही बिघडत नाही.