गेमच्या दुकानात टॅब्लेट विकायला ठेवताना

टॅब्लेट शेजारच्या मोबाइलच्या दुकानातही मिळतो आणि ऑनलाइन सेलमध्ये बहुधा आणखी स्वस्त पडतो. कन्सोल आणि डिस्क विकणाऱ्याने नुसते खोके मांडून ठेवले, तर ते तिथेच धूळ खातील. गिऱ्हाईक तुमच्याकडे येईल ते खेळून बघायला, कंट्रोलर जुळतो का हे विचारायला आणि जुना टॅब्लेट देऊन नवा न्यायला. अमेरिकेतल्या गेमस्टॉप या गेम विकणाऱ्या दुकानांच्या साखळीने 2011 मध्ये निवडक दुकानांत अँड्रॉइड टॅब्लेट ठेवले, तेव्हा त्यांत काही गेम आधीच भरून दिले होते आणि सोबत वेगळा ब्लूटूथ कंट्रोलर विकायला ठेवला होता. विकायची वस्तू खेळ आहे, काच नव्हे, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

सुरुवात दोनच मॉडेलनी करा. प्रत्येकी तीन-चार नग आणि एक नमुना पुरे. एक मॉडेल 8 ते 9 इंची, हातात धरून खेळण्यासाठी. दुसरं 11 इंची, टेबलावर ठेवून खेळणाऱ्यांसाठी. 11 इंची टॅब्लेट साधारण अर्धा किलो भरतो. तो हातात धरून वीस मिनिटं नेमबाजी केली की मनगट बोलायला लागतं, हे विकण्याआधीच सांगा.

डिस्ट्रिब्युटरकडून माल उचलण्याआधी प्रत्येक मॉडेलचा एक नग स्वतः तपासा. पहिली तपासणी जायरोस्कोपची, म्हणजे टॅब्लेट किती आणि कुठे वळवला हे ओळखणाऱ्या सेन्सरची. स्वस्त टॅब्लेटमध्ये बऱ्याचदा फक्त अॅक्सेलरोमीटर, म्हणजे कल ओळखणारा साधा सेन्सर असतो. त्यावर स्क्रीन आडवी-उभी फिरते, म्हणून सगळं ठीक वाटतं. पण बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या नेमबाजीच्या गेममध्ये टॅब्लेट हलवून नेम धरणारा मुलगा दुसऱ्याच दिवशी खोका घेऊन परत येतो. सेन्सर दाखवणारं कुठलंही फुकट अॅप टाका, यादीत जायरोस्कोप दिसला तरच पुढे जा.

दुसरा घोळ हर्ट्झचा. खोक्यावरचे 144 हर्ट्झ म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकते. टच सॅम्पलिंग म्हणजे बोट किती वेळा वाचलं जातं. आणि खुद्द गेम किती फ्रेम देतो, हा तिसराच आकडा. हा आकडा गेम बनवणारी कंपनी टॅब्लेटचं मॉडेल पाहून ठरवते. बीजीएमआयच्या सेटिंगमध्ये फ्रेम रेट ‘एक्स्ट्रीम’पाशी थांबत असेल, तर 144 हर्ट्झच्या स्क्रीनवरही खेळ 60 फ्रेमनेच चालणार. गिऱ्हाइकाला हे सेटिंग पैसे घेण्याआधी उघडून दाखवा. ‘फसवलं’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

मग तापण्याची परीक्षा. ब्राइटनेस पूर्ण, कव्हर काढलेलं, चार्जर काढलेला, आणि अर्धा तास सलग जड गेम. पहिली पाच मिनिटं सगळेच टॅब्लेट गुळगुळीत चालतात. पंधरा-वीस मिनिटांनी प्रोसेसर तापून स्वतःचा वेग उतरवतो तेव्हा खरी लायकी कळते. एसीत घेतलेली परीक्षा अकोल्या-नागपूरच्या मे महिन्यात कामाची नाही, तेव्हा पंख्याखालीच घ्या. स्टोअरेज ईएमएमसी (जुना, संथ प्रकार) आहे की यूएफएस (वेगवान), हेही विचारा. ईएमएमसीवर मोठा गेम उघडायला वेळ लागतो आणि जागा भरत आली की तो अडखळतो. हेडफोनची गोल पिन नसेल तर टाइप-सी डोंगल सोबत ठेवा, पण डीएसी, म्हणजे डिजिटल आवाज हेडफोनजोगा करणारी चिप, असलेलं. साधं डोंगल काही टॅब्लेटवर आवाजच देत नाही.

चीनमधून थेट आणलेला ‘ग्रे’ माल मोहात पाडतो. त्याला इथली वॉरंटी नसते, आणि कित्येकदा सील फोडून वेगळं सॉफ्टवेअर टाकलेलं असतं. खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक असतो: आर आणि पुढे आठ आकडे. तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून कंपनी आणि वस्तू जुळते का पाहा. जुळली नाही तर माल परत.

काउंटरवरचा नमुना दिवसभर चार्जरला लावून ठेवू नका. सतत 100 टक्क्यांवर आणि गरम राहिलेली बॅटरी फुगते आणि स्क्रीन कडेने उचलली जाते. बॅटरी 80 टक्क्यांवर थांबवण्याचं सेटिंग असेल तर ते चालू करा, नसेल तर प्लगला टायमर लावा. नमुन्यात दुकानाचं वेगळं गूगल खातं टाका, कार्ड जोडू नका. अँड्रॉइडवर अॅप पिनिंग, आयपॅडवर गाइडेड अॅक्सेस लावलं की पोरं गेम सोडून दुसरीकडे जात नाहीत. पैसे लावून खेळायचे गेम नमुन्यातही नकोत आणि पोस्टरवरही नकोत. 2025 च्या कायद्याने त्यांच्या जाहिरातीवरही बंदी आहे.

कंट्रोलर विकताना जीभ सांभाळा. बीजीएमआय कंट्रोलरला अधिकृत साथ देत नाही, आणि बटणं जुळवणारी बाहेरची अॅप वापरली तर खातं बंद होऊ शकतं. कॉल ऑफ ड्यूटी मोबाइल आणि माइनक्राफ्टवर तो चालतो. दोन्ही बाजूंनी टॅब्लेटला पकडणारा ताणता कंट्रोलर घेताना माप घ्या: 8.8 इंची टॅब्लेट साधारण 21 सेंटिमीटर लांब असतो, आणि फोनसाठी बनवलेले बरेच कंट्रोलर तेवढे ताणत नाहीत. कव्हर घातलेला टॅब्लेट तर तेवढं ताणणाऱ्यातही बसत नाही.

तुमचं खरं गिऱ्हाईक मात्र तुमच्याच जुन्या बिलांत आहे. पीएस4 किंवा पीएस5 नेलेल्या घरात टीव्हीवर संध्याकाळी मालिका चालू असतात. त्यांना रिमोट प्ले, म्हणजे कन्सोलवरचा गेम वायफायवरून टॅब्लेटवर खेळायची सोय, दाखवा. कन्सोलच्या सेटिंगमध्ये रिमोट प्ले चालू करायचं, टॅब्लेटवर त्याच खात्याने अॅप उघडायचं, कंट्रोलर ब्लूटूथने टॅब्लेटला जोडायचा. सोनी किमान 5 एमबीपीएस सांगते, चांगल्या अनुभवासाठी 15. प्रत्यक्षात अडतं ते वायफायवर: कन्सोल आणि टॅब्लेट दोन्ही एकाच राउटरच्या 2.4 गिगाहर्ट्झवर असतील तर चित्र फुटतं. कन्सोल लॅन केबलने राउटरला जोडा आणि टॅब्लेट 5 गिगाहर्ट्झवर घ्या, की निम्म्या तक्रारी संपतात. टॅब्लेट, कंट्रोलर आणि पाच मीटर केबल असा संच बांधून विका. टॅब्लेटवर मार्जिन पातळ आहे, केबल आणि कव्हरवर नाही.

बिल एचएसएन (वस्तूचा जीएसटीसाठीचा कोड) 8471 खाली, 18 टक्के जीएसटी. प्रत्येक बिलावर सीरियल नंबर लिहाच. एनव्हिडियाने 2015 मध्ये बॅटरी तापत असल्यामुळे 8 इंची शील्ड टॅब्लेट परत मागवले होते. अशी वेळ आली की कोणता नग कोणाकडे गेला हे बिलावरूनच सापडतं. न आलेल्या मालावर आगाऊ रक्कमही घेऊ नका. गेमस्टॉपमध्ये 31 ऑक्टोबर 2012 ला येणारा विकीपॅड हा गेमिंग टॅब्लेट ऐन दिवशी पुढे ढकलला गेला होता. दसरा-दिवाळीच्या ऑनलाइन सेलआधी साठा वाढवायचा असेल, तर किंमत पडल्यास फरक कोण भरणार हे डिस्ट्रिब्युटरकडून लेखी घ्या.

जुना टॅब्लेट घेताना क्रम चुकवू नका. आधी मालकाकडूनच गूगल किंवा अॅपलचं खातं काढून घ्या, मगच रीसेट करा. खातं तसंच ठेवून रिकव्हरीतून पुसलं, तर टॅब्लेट तेच खातं मागत बसतो आणि मालक तोवर निघून गेलेला असतो. सिमवाला टॅब्लेट असेल तर ‘केवायएम’ आणि 15 अंकी आयएमईआय (यंत्राचा ओळख क्रमांक) लिहून 14422 ला मेसेज करा; काळ्या यादीत (चोरीच्या किंवा बंद केलेल्या यंत्रांच्या) निघाला तर हात लावू नका. ओळखपत्राची प्रत आणि सही घ्या. स्क्रीनवर पाच बोटं एकदम फिरवून मृत पट्टा आहे का बघा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर डाग शोधा, चार्जिंगची पिन हलवून पाहा. स्क्रीन बदलायची वेळ आली तर व्यवहारातला नफा त्यातच जातो. इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) घेतलेलं नसेल आणि वस्तूचं स्वरूप बदललेलं नसेल, तर जीएसटी नियम 32(5) प्रमाणे कर फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतो. हिशेब वेगळ्या वहीत ठेवा. घेतलेला नग लगेच विकला जाणार नसेल, तर बॅटरी निम्मी भरून बंद करून ठेवा आणि महिन्यातून एकदा चालू करून बघा.